कानांनी वाचलेले एक वर्ष



आषाढी पौर्णिमा आली की आपल्या विहारांत वर्षावासाचे ग्रंथवाचन सुरू होते. वंदना झाली की एक जण पुस्तक उघडतो, बाकीचे ऐकतात. अश्विन पौर्णिमेला समारोप होतो, खीर वाटली जाते आणि पुस्तक कापडात गुंडाळून कपाटात जाते, ते पुढच्या आषाढीपर्यंत. मागच्या वर्षी लातूरच्या आमच्या वस्तीतल्या काही जणींनी ठरवले की पुस्तक कपाटात जाऊ द्यायचे नाही. वर्षभर वाचायचे. जिला वाचता येत नाही तिने ऐकायचे. आणि जे ऐकले त्यातले आपल्या अंगाला, घराला, लेकराला काय लागू पडते ते बोलायचे.

आता पुन्हा आषाढी आली आहे, म्हणून त्या वर्षाचा हिशोब मांडतो आहोत. आरोग्याच्या पानावर पुस्तकांचे काय काम, असे कोणी विचारील. आम्ही परिचारिका म्हणून बरीच वर्षे वॉर्डात काढली. गोळ्या कशा घ्यायच्या ते हजारो वेळा सांगितले. पण बाई आपले दुखणे तोंडाने बोलत नाही तोवर गोळीचा नंबर लागतच नाही. या वर्षी पुस्तकांनी बायांना बोलते केले. म्हणून हा पाठ.

ऐकणे म्हणजे वाचणे नव्हे?

सुरुवातीला आमच्याच मनात खोट होती. वाचणे म्हणजे डोळ्यांनी वाचणे, ऐकणे म्हणजे करमणूक, असे आम्ही धरून चाललो होतो. पहिल्याच आठवड्यात सत्तरीच्या एका आजींनी आमचे कान उपटले. त्या म्हणाल्या, "बाई, मला अक्षर येत न्हाई, पर कान हायेत की. इतकी वर्सं विहारात ऐकलं ते काय वाया गेलं का?"

आजींचे म्हणणे इतिहासालाही धरून आहे. तथागतांनी स्वतः एक ओळही लिहून ठेवली नाही. महापरिनिर्वाणानंतर राजगृहाला पहिली संगीती भरली. तिथे आनंदांनी ऐकलेली सुत्ते म्हणून दाखवली आणि भिक्खूंनी ती पाठ केली. पुढे कित्येक पिढ्या धम्म मुखोद्गतच राहिला. श्रीलंकेत आलुविहार येथे इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात तो ताडपत्रांवर उतरला. पालीत विद्वानाला 'बहुस्सुत' म्हणतात, म्हणजे ज्याने पुष्कळ ऐकले आहे तो. आपल्या मराठीतला 'बहुश्रुत' हा शब्दही तसाच. बाबासाहेबांचा विचार वस्त्यावस्त्यांत पोचला तो जलशांतून आणि वामनदादा कर्डकांसारख्यांच्या गाण्यांतून. ज्यांना सही करता येत नव्हती त्यांनीही तो कानांनीच घेतला.

म्हणून आम्ही रीत बसवली. मोबाईलवर 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' याचे वाचन मिळते, ते रोज थोडे थोडे लावायचे. लातूरला नळ काही रोज येत नाही. पाणी येण्याची वाट पाहत बसावे लागते, तो वेळ ऐकण्याचा. भाकरी थापताना, गोधडी शिवताना ऐकायचे. जी पुस्तके मोबाईलवर सापडली नाहीत ती आजींच्या नववीतल्या नातीने मोठ्याने वाचून आपल्या फोनमध्ये भरली. तिचे वाचन आधी अडखळत होते, दिवाळीपर्यंत सरळ झाले. हा फायदा आम्ही धरलाच नव्हता.

एक सावधगिरी मात्र पाळली. मोबाईलवर बाबासाहेबांच्या नावाने वाट्टेल ते फिरते, आणि औषधांच्या नावाने तर त्याहून जास्त. पुस्तकाचे नाव, लेखकाचे नाव सांगितलेले नसेल ते पुढे पाठवायचे नाही. खरे काय ते आधी तपासून मग मानावे, ही आपल्या धम्माचीच शिकवण आहे.

मुक्ताचा प्रश्न

पहिले वाचन अगदी छोटे होते. मुक्ता साळवे ही जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली मातंग समाजाची मुलगी. वयाच्या चौदाव्या वर्षी तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो १८५५ साली 'ज्ञानोदय' पत्रात छापून आला. त्यात ती बायांच्या बाळंतपणाविषयी लिहिते. डोक्यावर छप्पर नाही, थंडीवाऱ्यात बाई बाळंत होते, तिला आजार जडला तर वैद्याला आणि औषधाला पैसे कुठून आणायचे, असे ती विचारते. फुकट औषध देणारा माणूस तुमच्यात कोणी झाला का, असा तिचा सवाल आहे.

वाचन संपले तेव्हा कोणी बोलेना. मग एकीने आपली कथा सांगितली. पहिल्या बाळंतपणात तिला तीन दिवस घोटभरच पाणी दिले होते. पाणी प्यायले तर पोट सुटते म्हणून. दुसरीने सांगितले की तिच्या बाळाला पहिला चीक पाजलाच नाही, पिळून टाकला आणि बाळाला मध चाटवला. १८५५ सालचा निबंध आमच्या पत्र्याखाली येऊन बसला होता.

त्या दिवशी ठरवलेल्या गोष्टी अशा:

– बाळंतिणीला पाणी आणि पोटभर जेवण पहिल्या दिवसापासून द्यावे. पाण्याने पोट सुटत नाही. पाणी कमी पडले तर अंगावरचे दूध कमी होते, लघवीला जळजळ होते.

– बाळाला जन्मल्यापासून तासाभरात छातीशी लावावे. पहिला पिवळसर चीक ही बाळाची पहिली लसच समजा. मध, गुटी, साखरपाणी काही नको. सहा महिने फक्त आईचे दूध, वरचे पाणीसुद्धा नाही.

– लोहाच्या गोळ्या गरोदरपणी चौथ्या महिन्यापासून १८० दिवस आणि बाळंतपणानंतरही १८० दिवस. चहासोबत घेऊ नयेत. शौचाला काळी होते, त्याला घाबरू नये.

– सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधे, रक्त, जेवण आणि घरी सोडण्याची गाडी मोफत असते. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून आहे. गरोदर बाईसाठी १०२ आणि तातडीला १०८ हे नंबर भिंतीवर लिहून ठेवावेत. कोणी पैसे मागितले तर पावती मागावी.

मुक्ताच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आज कायद्यात आहे. उरलेले अर्धे आपण मागितल्याशिवाय मिळत नाही.

'जिणं आमुचं' आणि बाळंतिणीची भूक

हिवाळ्यात बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' ऐकले. फलटणच्या बेबीताईंनी छोटे दुकान चालवता चालवता, घरच्यांपासून लपवून हे लिहिले. पुडीला बांधायच्या रद्दीतले कागद त्या वाचायच्या. वीस वर्षे लिखाण दडवून ठेवले आणि १९८६ साली त्याचे पुस्तक झाले. महारवाड्यातल्या बाळंतपणाची वर्णने त्यात आहेत. कोवळ्या पोरी, आडलेली बाळंतपणे, अस्वच्छ हातांनी केलेली तपासणी, त्यातून आलेला ताप, आणि बाळंत झाल्यावर पोटात घालायला घरात काहीच नाही.

नात वाचत होती आणि फोन मधे ठेवलेला होता. आजी डोळे मिटून ऐकत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "माझी थोरली बहीण आशीच गेली. ताप आला, अंगाला वास येऊ लागला. घरचे म्हणाले, बाहेरचं लागलं. लिंबू उतरवलं." पन्नास वर्षे हे दुःख त्यांनी कोणाला सांगितले नव्हते. त्यांच्या बहिणीला बाहेरचे काही लागले नव्हते. तो जंतूंचा संसर्ग होता आणि आजच्या घडीला त्यावर औषध आहे.

म्हणून हे पाठ करा. बाळंत झाल्यापासून सहा आठवड्यांत पुढचे काहीही दिसले तर लिंबू-अंगारा नाही, थेट दवाखाना: कापड किंवा पॅड तासाभरात भिजून जाणारा रक्तस्राव, थंडी वाजून ताप, अंगावरच्या जाण्याला घाण वास, जोराची डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, झटके, धाप लागणे, एका पायाला सूज आणि दुखणे. बाळ दूध ओढत नसेल, अंगाला थंड लागत असेल किंवा श्वास फार भरभर घेत असेल तर त्यालाही लगेच न्यावे.

आशाताई बाळंतपणानंतर ४२ दिवसांत घरी येऊन बाळ पाहते, वजन करते. तिला दारातून परत पाठवू नका. ही पद्धत आपल्याच राज्यातल्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायांना शिकवून सिद्ध केली. त्याचा अभ्यास १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला आणि पुढे देशभर आशाताईंच्या कामात ती आली.

पिशवीची गोष्ट

आता या वर्षातली सर्वात जड गोष्ट. ती सांगताना आम्हाला आमचाही दोष सांगावा लागेल.

उन्हाळ्यात ऊसतोडीची माणसे परत आली. तेव्हा आम्ही डॉ. राणी बंग यांचे 'कानोसा' मोठ्याने वाचत होतो. बायांच्या अंगावरच्या, लाजेपायी दडवलेल्या दुखण्यांविषयीचे हे पुस्तक आहे. त्यांनी गडचिरोलीच्या दोन गावांत ६५० बायांची तपासणी केली, तो अभ्यास १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. शंभरातल्या ९२ बायांना स्त्रीरोग निघाले, पण पूर्वी कधी तपासणी झालेल्या शंभरात फक्त ८. बाकीच्या सोसत होत्या.

दुसऱ्या दिवशी तोडीवरून आलेली एक जण फाईल घेऊन आमच्या दारात उभी राहिली. वय चौतीस, दोन लेकरे. अंगावर पांढरे जाते, कंबर दुखते. एका खासगी दवाखान्यात तिला सांगितले होते की पिशवी खराब झाली आहे, काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल. मुकादमाकडून उचल घेऊन पैसे भरायची तयारी झाली होती. तिने विचारले, "ताई, काढू का?"

आम्हाला एकदम जुना वॉर्ड आठवला. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत आम्ही अशाच एका ठिकाणी होतो. तिशीतल्या बाया पिशवी काढून ओळीने निजलेल्या असत. आम्ही सलाईन लावले, टाके पाहिले, ताप मोजला. का काढली, हा प्रश्न ना डॉक्टरांना विचारला ना त्या बायांना. नोकरी जाईल ही भीती होती आणि हे असेच असते अशी सवयही झाली होती. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायांची पाहणी २०१९ साली सरकारी समितीने केली. ८२,३०९ बायांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. तो आकडा आम्ही वाचला तेव्हा आम्हाला ओळीने लावलेल्या त्या खाटाच दिसल्या. गप्प बसणारी परिचारिकाही त्या आकड्याला हातभार लावते. हे आम्ही त्या दिवशी सगळ्यांसमोर बोललो.

मग त्या भगिनीला घेऊन सरकारी रुग्णालयात गेलो. तपासणी झाली, सोनोग्राफी झाली, गर्भाशयाच्या तोंडाची कॅन्सरची तपासणी झाली. निघाला तो संसर्ग. नवरा-बायको दोघांनाही औषध दिले. नवरा आधी नको म्हणत होता, त्याला समजावले. तीन आठवड्यांत पांढरे जाणे थांबले. कंबर अजून दुखते, कारण मोळ्या उचलणे थांबलेले नाही. पण पिशवी जागेवर आहे आणि उचलीचा बोजा टळला.

प्रत्येकीचे असेच होईल असे नाही. कॅन्सर, मोठ्या गाठी, औषधाने न थांबणारा रक्तस्राव यांत शस्त्रक्रिया लागते आणि तेव्हा ती टाळू नये. पण नुसते पांढरे जाते म्हणून पिशवी काढायची नसते. कमी वयात पिशवीसोबत अंडाशयही काढले तर पाळी गेल्याचे त्रास लवकर सुरू होतात. अंगात भडका उठतो, हाडे ठिसूळ होतात, हृदयाचा धोका वाढतो. म्हणून पिशवी काढा म्हटले की हे पाच प्रश्न विचारा:

१. माझ्या आजाराचे नाव काय? कागदावर लिहून द्याल का?

२. कोणत्या तपासण्यांवरून हे ठरवले?

३. आधी औषधाने काही करता येईल का?

४. अंडाशय काढणार की ठेवणार?

५. दुसऱ्या डॉक्टरला दाखवून आठवड्याने आले तर चालेल का?

शेवटच्या प्रश्नावर कोणी घाई केली तर दुसरीकडे दाखवाच. आणि तीस वर्षांवरील प्रत्येक बाईने सरकारी केंद्रात गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी करून घ्यावी. ती मोफत असते आणि थोड्या मिनिटांत होते. संबंधानंतर रक्त दिसणे किंवा पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसणे, हे एकदा झाले तरी लगेच दाखवावे.

बाबासाहेबांच्या खंडातून

पिशवीच्या प्रसंगानंतर आम्ही शासनाने छापलेल्या बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचा दुसरा खंड उघडला. त्यात मुंबई विधिमंडळातली भाषणे आहेत. २८ जुलै १९२८ रोजी कामगार बायांच्या प्रसूती रजेच्या विधेयकावर ते बोलले. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे देशाच्या हिताचे आहे आणि त्याचा खर्च सरकारने आणि मालकाने उचलला पाहिजे, ही त्यांची मांडणी. पुढे १९३८ साली संततिनियमनाची साधने लोकांना मिळावीत असा ठराव त्यांच्या पक्षातर्फे विधिमंडळात आला. तो फेटाळला गेला. बाबासाहेबांनी बाईचे शरीर हा राज्यकारभाराचा विषय मानला होता, हे आम्हाला त्या खंडातून नव्याने कळले. मग ऊसतोडीच्या फडावर बाईला सुट्टी नाही, पाळीत अडचण नको म्हणून पिशवीच काढून टाकायची, हे आपण निमूट कसे मान्य करतो?

डोळे, कान आणि साखर

वाचनाने शरीराची काळजीही शिकवली. बाबासाहेब रात्र रात्र वाचत. त्यांना मधुमेह होता, पाय दुखत, शेवटच्या वर्षांत नजर अधू झाली. तरी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' त्यांनी पूर्ण केला. तो छापलेला पाहायला मात्र ते राहिले नाहीत. ६ डिसेंबर १९५६ ला ते गेले आणि पुस्तक १९५७ साली आले. त्यांच्या वाचनाचा वारसा घ्यायचा तर साखर तपासण्याचा धडाही घेऊ या. डॉ. अभय बंग यांना वयाच्या ४४व्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला. 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' या पुस्तकात डॉक्टर असूनही आपण शरीराकडे कसे दुर्लक्ष केले ते त्यांनी मोकळेपणाने सांगितले आहे. हे पुस्तक आमच्या वस्तीतल्या पुरुषांनी सर्वात जास्त मागून नेले.

– तिशीनंतर वर्षातून एकदा रक्तदाब आणि साखर तपासा. साखर असेल तर वर्षाला एकदा डोळ्यांचा पडदाही तपासून घ्या.

– चाळिशीनंतर जवळचे अक्षर अंधुक दिसले तर वाचन सोडू नका, चष्मा लावा.

– कानात यंत्र घालून ऐकताना आवाज निम्म्याच्या थोडा वर, एवढाच ठेवा. तासाने कानांना विश्रांती द्या. कानात गरम तेल घालू नका, काडी घालू नका.

– आणि हे थोडे कडू: ज्या कानांनी धम्म ऐकला त्याच कानांवर आपण जयंतीला डीजेच्या भिंती आदळतो. त्या आवाजाने कायमचा बहिरेपणा येऊ शकतो. तान्ह्या बाळांना आणि हृदयरोग्यांना तो सोसत नाही. एका डीजेच्या भाड्यात विहाराचे पुस्तकांचे कपाट भरते.

या वर्षावासात एवढे करू या

विहारात आठवड्यातला एक दिवस आरोग्याचे वाचन ठेवा. एकाने वाचावे, दहा जणांनी ऐकावे. नंतर फक्त दोन प्रश्न विचारा: हे आपल्या घरात घडले आहे का? आणि यातले उद्या काय करायचे? शाळेतल्या मुलांकडून पुस्तके वाचून फोनमध्ये भरून घ्या. आशाताईंना त्या दिवशी विहारात बोलवा. एखादी बहीण वाचन संपल्यावर मागे रेंगाळली तर तिला एकटीला विचारा. बहुतेक वेळा तिच्या पिशवीत फाईल असते.

आजींच्या एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन फाल्गुनात सरकारी रुग्णालयात मोफत झाले. पट्टी काढल्यावर त्यांनी नातीच्या हातातले पुस्तक ओढून घेतले आणि बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "आता दिसतंय समदं, वाचता तेवढं येत न्हाई." साक्षरतेच्या उल्लास वर्गात त्यांनी नाव घातले आहे. सध्या त्या स्वतःचे नाव लिहितात आणि त्याखाली 'भीम' लिहितात.

नमो बुद्धाय. जय भीम.